संत गुलाम महाराज (मोरवड) : जीवनपरिचय आणि आरतीची चळवळ



आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की पहिलं नाव ओठांवर येतं ते बालवीर शिरीषकुमारचं. ९ सप्टेंबरला आपण सगळेच त्याच्यावर बोलतो, मुलांची भाषणं बसवतो. ते व्हायलाच हवं. पण शिरीषकुमारच्या बलिदानाच्या चार वर्षं आधी, तापीच्या पलीकडे तळोदा तालुक्यात एक मोठं काम करून एक माणूस हे जग सोडून गेला. त्याच्याबद्दल आपल्या वर्गात फारसं बोललं जात नाही. मोरवड, म्हणजेच रंजनपूर, हे त्याचं गाव. भिल्ल समाजात जन्मलेला हा माणूस पुढे संत गुलाम महाराज म्हणून ओळखला गेला. त्याने लोकांना एकच गोष्ट करायला लावली, ती म्हणजे एकत्र येऊन आरती.

तुम्ही म्हणाल, आरतीत काय एवढं? आरती तर घरोघरी होते. हाच प्रश्न घेऊन आपण त्यांचं जीवन पाहू या. आरती घरोघरी होत होती हे खरं, पण कोणाच्या घरी होत होती आणि कोणाच्या नाही, हे आधी बघावं लागेल.

आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो तो १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. महाराजांच्या काळात हा सगळा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे इंग्रजांनी १९०६ साली केले होते. वर सातपुडा, खाली तापी आणि मधला काळ्या कसदार जमिनीचा पट्टा. तळोदा आणि शहादा हे दोन्ही तालुके ह्याच पट्ट्यात येतात. जमीन एवढी चांगली, की तीच आदिवासींच्या मुळावर आली. कापसाला भाव आला, १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ रेल्वे सुरू झाली, माल बाहेर जायला लागला. मग बाहेरून आलेले शेतकरी, सावकार, व्यापारी ह्यांचं बस्तान बसत गेलं. भिल्लांकडे जमिनीचे कागद नव्हते, असले तरी वाचता येत नव्हते. दोन पोती धान्याच्या उसनवारीपायी अंगठा उमटायचा आणि काही वर्षांनी शेत दुसऱ्याच्या नावावर दिसायचं. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातही वावर अवघड झाला. मग उरलं काय? सालदारी.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. आपल्याकडे साल धरतात ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि सुटतं ते पुढच्या आखाजीला. आधी थोडी उचल मिळते, ती लग्नात नाहीतर दुखण्यात संपते, आणि मग वर्षभर राबून ती फेडायची. फिटली नाही तर पुढचं साल त्याच मालकाकडे. बाप सालदार, आई शेण-गोठ्याला, मुलगा गुरांमागे. ही साखळी पिढ्यानपिढ्या चालली. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी ह्या आदिवासी भागांची पाहणी केली. सरकारचाच माणूस, तरी त्याच्या अहवालात सावकारी, वेठ आणि गुलामगिरीसारखी मजुरी ह्यांचं वर्णन आहे. म्हणजे हे कोणी रागाने रचलेलं चित्र नव्हे.

अशा गावात, अशा समाजात गुलाम महाराज वाढले. शाळेचा प्रश्नच नव्हता. त्यांचं नावही लक्षात घेण्यासारखं आहे. गुलाम हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. आपण त्याचा अर्थ दास असा करतो आणि नाक मुरडतो, पण नावात येतो तेव्हा तो बहुधा देवाचा सेवक ह्या अर्थाने येतो. हे नाव घेतलेल्या माणसाने आपल्या लोकांना कोणता शब्द दिला ते पुढे येईलच.

आता दारूकडे वळू या, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. मुलांना शिकवताना आपण पटकन सांगून टाकतो की आदिवासी दारू प्यायचे आणि महाराजांनी ती सोडवली. इतकं सोपं नाही ते. मोहाच्या फुलांची दारू हा आदिवासींच्या देवधर्माचा भाग होता. वाघदेव असो, गावदेव असो, याहा मोगीची पूजा असो, दारूची धार टाकल्याशिवाय पूजा पुरी होत नसे. पितरांनाही धार. लग्न ठरलं, भांडण मिटलं, मूल जन्मलं, तरी धार. ही दारू घरीच, सणापुरती गाळली जायची. मग १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला. घरी गाळणं गुन्हा झाला आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेणं कायदेशीर झालं. जी वस्तू देवासाठी घरात तयार व्हायची ती आता रोख पैसे देऊन, नाहीतर उधारीवर दुकानातून येऊ लागली. सरकारला कर मिळाला, मक्तेदाराला नफा मिळाला. उधारी मात्र सालदाराच्या नावावर चढली. बऱ्याचदा दारू देणारा आणि कर्ज देणारा एकच असायचा. मजुरीचा काही भाग दारूतच दिला जायचा तो वेगळाच.

म्हणून दारू सोडणं हा फक्त चांगल्या सवयीचा विषय नव्हता. दारू सोडली की दुकानाची उधारी थांबते, उधारी थांबली की सालदारीची गाठ सैल होते. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. दारू सोडायची म्हणजे देवाला काय द्यायचं? धार न टाकता वाघदेव पावेल का? पितर रागावले तर? ही भीती खोटी नव्हती. माणूस मालकाशी एकवेळ भांडेल, पण मेलेल्या आजोबांशी कसा भांडेल? महाराजांच्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. नुसतं सोडा असं सांगून ते थांबले नाहीत. धारेच्या जागी ठेवायला त्यांनी लोकांच्या हातात दुसरं काहीतरी दिलं. ती आरती होती.

१९३८ च्या सुमारास मोरवडला लोक जमू लागले. आधी आसपासच्या पाड्यांवरचे, मग दूरदूरचे. ठरलेल्या वारी आरती असायची. सातपुड्याच्या डोंगरातून, तापीकाठच्या गावांतून, पुढे तर गुजरातच्या बाजूनेही लोक पायी येऊ लागले. भाकरी बांधून घ्यायची, लेकरं कडेवर घ्यायची आणि चालू लागायचं. यायच्या आधी अंघोळ करायची, कपडे धुवायचे. दारू पिऊन यायचं नाही. चोरी करायची नाही. सगळ्यांनी मिळून आरती करायची आणि परत जायचं. त्यांच्या शिकवणीला लोक आप धर्म म्हणू लागले. ही चळवळ आरतीची चळवळ म्हणूनच ओळखली जाते.

शिक्षक मित्रांनो, आपण जरा शिकवण्याच्या नजरेने हे बघू. समोर हजारो माणसं आहेत. एकालाही वाचता येत नाही. फळा नाही, पाटी नाही, पुस्तक नाही. बोलीसुद्धा एक नाही, कोणी भिलोरी बोलतो, कोणी पावरी, कोणी मावची. ह्यांना प्रार्थना शिकवायची आहे. कशी शिकवाल? आरती ह्याला अगदी जुळणारी गोष्ट आहे. ती सगळे मिळून म्हणतात, त्यामुळे ज्याला येत नाही तो शेजाऱ्याच्या मागे ओढला जातो. तिला ताल असतो, टाळी असते, डोळ्यासमोर ज्योत असते. चुकलं तर कोणी हटकत नाही. आपण पहिलीच्या वर्गात बडबडगीत समूहाने घेतो ना, लाजाळू मूलही तिसऱ्या दिवशी ओठ हलवायला लागतं. अगदी तसंच. आणि ह्या आरतीला दक्षिणा लागत नव्हती, मध्ये पुजारी लागत नव्हता. गावातल्या मोठ्या देवळात ज्याला पायरीच्या खाली उभं राहावं लागायचं तो इथे ज्योतीच्या समोर उभा होता.

अंघोळीचंही तसंच. काही जणांना वाटतं, स्वच्छता शिकवली म्हणजे आरोग्य शिकवलं. आरोग्य सुधारलं असेलच. पण गोठ्यात झोपणाऱ्या, अंगावरच्या एका फडक्यावर वर्ष काढणाऱ्या माणसाने आरतीसाठी म्हणून नदीवर जाऊन अंग धुणं, ह्याचा अर्थ साबणाच्या पाठात मावत नाही. तो दिवस त्याचा स्वतःचा असतो. मालकाचं काम त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर जातं.

अक्षर न येणाऱ्याची प्रार्थना देवापर्यंत पोचते का, हा प्रश्न जगात इतर ठिकाणीही लोकांनी विचारला आहे. एक दूरचं उदाहरण देते. ज्यू म्हणजे यहुदी लोक तुम्ही इतिहासात वाचले असतील. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, तेही ज्यूच. ह्या धर्मात कबाला नावाची एक जुनी गूढविद्या आहे. झोहार हा तिचा मुख्य ग्रंथ (आपल्या जोहारशी त्याचा संबंध नाही, फक्त उच्चार जवळचा आहे). कबाला शिकायची तर हिब्रू आणि आरामी भाषा यायला हव्यात, धर्मग्रंथ पक्के हवेत. साहजिकच ती शतकानुशतकं विद्वानांपुरती राहिली. तिच्यात प्रार्थनेबद्दल एक शब्द फार मोलाचा आहे, कव्वाना. म्हणजे प्रार्थना करताना सगळं मन त्याच ठिकाणी असणं. अठराव्या शतकात, आज युक्रेनमध्ये असलेल्या भागात, बाल शेम तोव नावाचे एक संत होऊन गेले. १७६० साली ते वारले. त्यांच्या चरित्रकथांत असं सांगतात की तरुणपणी ते एका शाळेत मास्तरांचे मदतनीस होते. लहान मुलांना घरून शाळेत नेऊन सोडायचं आणि वाटेत त्यांच्याकडून प्रार्थना म्हणून घ्यायची, हे त्यांचं काम. ह्याच माणसाने पुढे कबालातली ती एकाग्रतेची गोष्ट गाडीवान, भटारी, खेडूत अशा साध्या लोकांपर्यंत आणली. ज्याला ग्रंथ वाचता येत नाही, त्याने मन लावून आणि आनंदाने केलेली प्रार्थना कमी दर्जाची नाही, असं त्यांनी शिकवलं. त्या काळच्या अनेक पंडितांना ते रुचलं नाही. पुढे त्यांच्या अनुयायांवर बहिष्कारही टाकले गेले.

आता बघा, युक्रेन कुठे आणि मोरवड कुठे. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक असणं शक्य नाही. तरी अडचण एकच होती. प्रार्थना शिकलेल्यांच्या ताब्यात होती आणि ती राबणाऱ्यांच्या हातात द्यायची होती. आपल्याकडे वारकरी संतांनीही नामस्मरणातून हेच केलं. पण मोरवडच्या आरतीत आणखी एक गोष्ट होती, ती इतर ठिकाणी इतकी ठळक दिसत नाही. आरतीइतकाच भर महाराजांनी बोलण्यावर दिला. एकमेकांना आप म्हणायचं. भेटल्यावर आप की जय म्हणायचं. धर्माचं नावच त्या शब्दावरून पडलं.

ह्या शब्दावर थोडं थांबू या. आपल्यातल्या जे शिक्षक धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात नोकरी करतात त्यांना हा अनुभव नक्की असणार. पहिलीतलं पोर येतं आणि सरळ म्हणतं, सर, तू आज लवकर आला. नवीन शिक्षकाला राग येतो. मग कळतं की त्याच्या बोलीत आईलाही तू, बापालाही तू आणि देवालाही तूच. त्या तू मध्ये अनादर नाही, जवळीक आहे. पण हेच पोर पुढे दुसऱ्याच्या बांधावर जातं तेव्हा तू चा अर्थ बदलतो. तिथे मालकाला शेठ म्हणायचं, मालक म्हणायचं आणि आपल्याला मात्र अरे, तुरे, नाहीतर जातीवरून हाक. केस पिकलेल्या सालदाराला मालकाचं आठ वर्षांचं पोरही अरेतुरे करायचं. तू दोन्हीकडून असला की प्रेम असतं, एकाच बाजूने असला की मान खाली घालायला लावतो.

अशा माणसाला कोणीतरी आप म्हणालं. आणि कोणी साहेबाने नाही, त्याच्याच शेजारच्या सालदाराने म्हटलं. नवऱ्याने बायकोला म्हटलं, बापाने मुलाला म्हटलं. शब्द बाहेरच्या भाषेतला होता, हिंदी-गुजरातीतला, बाजारात ऐकू येणारा, मोठ्या लोकांनी मोठ्या लोकांना वापरायचा. तो उचलून महाराजांनी आपल्या लोकांच्या तोंडी दिला. दारू सोडायला पैसे लागत नाहीत, आरतीला फारसे लागत नाहीत, आणि आप म्हणायला तर काहीच लागत नाही. माझ्या मते आध्यात्मिक प्रगती म्हणतात ती ह्या माणसांची इथून सुरू झाली. ध्यान, समाधी, साक्षात्कार हे मोठे शब्द आपण निबंधात लिहितो. ज्याला रोज जनावरासारखं हाकललं जातं त्याच्यासाठी पहिली पायरी एवढीच असते, की माझ्यातही कोणीतरी मान देण्याजोगं राहतं.

महाराज एकटेच असे होते, असं मात्र समजू नका. १९१३ साली राजस्थान-गुजरात सीमेवर मानगढच्या डोंगरावर गोविंद गुरूंनी भिल्लांना धुणीभोवती जमवलं होतं. तेही दारू सोडा, स्वच्छ राहा, वेठ करू नका असंच सांगत होते. त्या जमावावर १७ नोव्हेंबरला सैन्याने गोळीबार केला आणि शेकडो माणसं मारली गेली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट डांग आणि सुरतच्या आदिवासी भागात पसरली. सलाबाई नावाच्या देवीचा संचार लोकांच्या अंगात होई आणि देवीचा आदेश म्हणून दारू-ताडी सोडली जाई. डांग आणि सुरतकडचा तो भाग आपल्या नवापूरच्या जवळच आहेत. म्हणजे आपल्या डोंगरात हे वारं कितीतरी आधीपासून वाहत होतं. फरक असा, की देवीची लाट आली तशी बऱ्याच गावांतून ओसरली. अंगात येणं कोणाच्या हातात नसतं. आरती मात्र ठरलेल्या वारी पुन्हा करता येते, मुलांना शिकवता येते, गावोगाव नेता येते. आपण शिक्षक लोक नियमितपणाची किंमत जाणतो, त्यामुळे हा फरक आपल्याला लगेच कळावा.

एवढी माणसं दारू न पिता, स्वच्छ कपडे घालून, एका ठिकाणी जमू लागली ह्याचा कोणाला आनंद झाला आणि कोणाला नाही, ते सांगायची गरज नाही. दारूच्या मक्त्याला झळ बसली. शेतमालकांना तर वेगळीच चिंता. सालदार आरतीला जातो, दोन दिवस गडी मिळत नाही, आणि परत येतो तो मान वर करून. मुंबई प्रांतात त्या वेळी बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं (१९३७ ते १९३९). दारूबंदी हे त्या सरकारचंही धोरण होतं. पण दारूबंदी आवडणं वेगळं आणि हजारो आदिवासी एका हाकेवर जमणं वेगळं.

आणि हे सगळं भरात असतानाच, १९ जुलै १९३८ रोजी, गुलाम महाराजांचं निधन झालं. आषाढाचे दिवस, नद्या-नाले भरून वाहण्याचा काळ. चळवळ अजून कोवळी होती. ना लिखित घटना, ना संस्था, ना पैसा. पुष्कळ चळवळी अशा वेळी संपतात. इथे त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले आणि आरती चालू राहिली. त्यांच्या काळात तर जमाव अधिकच वाढला आणि तणावही. मालकवर्ग आणि आरतीचे लोक ह्यांच्यात खटके उडाले, पुढे प्रकरण मारामारीपर्यंत गेलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर घालवलं. ज्या चळवळीचा कार्यक्रम अंघोळ, आरती आणि आप म्हणणं एवढाच होता, तिच्या प्रमुखावर हद्दपारीची पाळी आली. मुलांना हे सांगाल तेव्हा त्यांना विचारा, सरकार नेमकं कशाला घाबरलं असेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

एक शंका इथे नोंदवायला हवी, कारण वरच्या वर्गातली मुलं ती हमखास विचारतात. आरती ही मूळ आदिवासी पद्धत नाही. मग महाराजांनी आदिवासींची स्वतःची संस्कृती बाजूला सारली का? आज आपल्या जिल्ह्यात ह्यावर वेगवेगळी मतं आहेत. एका बाजूला याहा मोगीच्या देवमोगऱ्याला महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी, काठीची राजवाडी होळी, इंदल ही आपली जुनी परंपरा आहे आणि ती जपली जावी असं अनेकांना मनापासून वाटतं. दुसऱ्या बाजूला आप धर्माची घराणी आहेत, त्यांनी पिढ्यानपिढ्या दारू शिवलेली नाही. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. धार टाकण्याची प्रथा मागे पडली की तिच्यासोबतची गाणी, पितरांची नावं, भगताचं ज्ञान ह्यांनाही धक्का बसतो, ते नाकारू नये. पण १९३८ मधल्या सालदारासमोर निवड संस्कृती की आरती अशी नव्हती. त्याची धार मक्तेदाराच्या दुकानातून, उधारीवर येत होती. आणि त्याने आरती जशीच्या तशी उचलली असंही नाही. पुजारी वगळला, दक्षिणा वगळली, आणि त्यात आप घातलं. उसनं घेतलेलं असं बदलून घेतलं की ते उसनं राहत नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर महाराजांचं काम १९३८ लाच थांबलं असं वाटेल. शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, हे भजन गाणारे कार्यकर्ते होते. १९७० च्या आसपास जमिनीचे, मजुरीचे आणि अत्याचाराचे प्रश्न घेऊन ते उभे राहिले. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. बाहेरून आलेले शिकलेले तरुण आणि गावातले भिल्ल शेतमजूर असं दोघांचं मिळून ते काम होतं. सालदारांचं वेतन, सुट्टी, हातून गेलेल्या जमिनी परत मिळवणं ह्या मागण्या पुढे आल्या. अंबरसिंग महाराज १९७४ साली वारले, वय फार नव्हतं.

त्याच काळात शहादा भागातल्या आदिवासी बायकांनी दारूविरुद्ध मोहीम काढली. गटागटाने गावोगाव जायचं, दारूची मडकी फोडायची, आणि पिऊन मारहाण करणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारायचा. ह्यातल्या बऱ्याच बायकांच्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी मोरवडची आरती पाहिली असणार, कारण मधे अंतर जेमतेम पस्तीस वर्षांचं होतं. दारू सोडणं हे आधी महाराजांनी शिकवलं, तेव्हा ते प्रार्थनेचं अंग होतं. आता बायकांनी त्याला मारहाणीच्या आणि मजुरीच्या प्रश्नाशी जोडलं.

आज मोरवड (रंजनपूर) हे अनुयायांचं श्रद्धास्थान आहे. महाराजांच्या पुण्यतिथीला तिथे लोक जमतात, आरती होते. महाराष्ट्रासोबत गुजरातमधलेही अनुयायी येतात. १९ जुलैला आपल्या शाळा सुरू असतात. परिपाठात दिनविशेष सांगताना हे नाव घ्यायला हरकत नाही. पाचवीपासून पुढच्या मुलांना एक काम देता येईल. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून यायचं की आपल्याकडे कोणी आरतीला जात होतं का, घरी धार टाकायची पद्धत होती का, साल धरलेलं कोणी होतं का, आणि मालक त्यांना काय म्हणून हाक मारायचा. बोलीत सांगितलं असेल ते बोलीतच लिहून आणू द्या, शुद्धलेखन तपासू नका. तळोदा-शहाद्याकडच्या वर्गात वहीची दोन-तीन पानं सहज भरतील.